ब्रेकमधली हवा

अरुणाताईंचं, थोरल्या मेहुणीचं, पत्र चिपळूणहून आलं तेव्हा मालतीबाईंना जाऊन महिनाही झाला नव्हता. आता वर्षश्राद्ध होऊन गेलं, पावसाळा सरून हवेत गारवा आला, तरी श्यामसुंदर रिसबुडांनी त्या पत्राला उत्तर पाठवलं नव्हतं.

निळं आंतरदेशीय पत्र, घडीवर फाटत आलेलं. ते त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्यामागे उभं करून ठेवलं होतं. सकाळी डबा काढला की पत्र दिसे, डबा जागेवर गेला की दिसेनासं होई. मजकूर त्यांना पाठ होता. ‘मालूच्या नावामागे कै. लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं मालू लिहिते,’ असं ताईंनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. गुडघ्यांमुळे मुंबईला येता आलं नाही, हा सल राहीलच, असं लिहिलं होतं. आणि खाली, अक्षर जरा मोठं करून: ‘शेवटी तुम्ही एकटेच तिच्यापाशी होतात. ती काही बोलली का? बोलली असेल ते जसंच्या तसं कळवा.’

श्यामसुंदरराव उत्तर लिहायला बसले नाहीत असं नाही. उभी नोकरी त्यांनी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली होती. शब्दांचं त्यांना भय नव्हतं, निदान दुसऱ्यांच्या शब्दांचं तरी. स्वतःचं वाक्य कागदावर उतरलं की मात्र ते त्यांना उसनं वाटू लागे. ‘ती शांतपणे गेली’ असं त्यांनी एकदा लिहिलं आणि खोडलं. ‘काही बोलली नाही’ असं एकदा लिहिलं, तो कागद तर फाडूनच टाकला. कारण ती बोलली होती.

खाडीपलीकडचं इस्पितळ, खिडकीजवळची खाट, दुपारची वेळ. मालतीबाई आदल्या दिवसापासून अर्धवट शुद्धीत होत्या. डोळे मिटलेले, कपाळाला आठी, आणि उजवा पाय खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी दांडीला घट्ट रेटलेला. नर्सने तो पाय सरळ करून ठेवला, तर जरा वेळाने तो पुन्हा दांडीला जाऊन टेकला. मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं,

“सोडू का?”

ही परवानगी मागते आहे, असं श्यामसुंदररावांना वाटलं. इतके दिवस जिवाच्या कराराने जे धरून ठेवलंय ते आता सोडू का, असं नवऱ्याला विचारते आहे. ‘सोड’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि ‘नको’ म्हणून तिचे हाल लांबवायचे ते तरी कोणत्या हक्काने? त्यांनी पांघरुणाची कड सारखी केली. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, “अहो, सोडू का?” ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर काही नव्हतं, नुसती एक टाकी होती पाण्याची. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. दिवेलागणीला सगळं आटोपलं.

हे अरुणाताईंना कसं कळवायचं? आई लहानपणी गेली तेव्हापासून ज्यांनी धाकट्या बहिणीची वेणीफणी केली, तिच्या लग्नात आईच्या जागी उभं राहून डोळे पुसले, त्यांना असं लिहायचं की तुमची मालू जाऊ का म्हणून विचारत होती आणि मी पाण्याची टाकी बघत बसलो?

दिवाळीनंतर चिपळूणकडचा एक ओळखीचा माणूस भेटला. ताई फार थकल्यात, म्हणाला. हिंडणं-फिरणं बंद आहे, पोस्टमन आला की तेवढ्या उठून ओटीपर्यंत येतात. ते ऐकलं आणि श्यामसुंदररावांनी ठरवलं की आता लिहायचं नाही, जाऊनच सांगायचं. समोर बसून सांगायचं. एस.टी. होती, पण चिपळूणला ते दोघं नेहमी आपल्या गाडीनेच गेले होते. आणि गाडीने जायचं तर वाटेत घाट होता, आणि गाडीचे ब्रेक गेलेले होते.

यातही आपली पळवाटच आहे, हे त्यांना आतून कळत होतं. पत्र लिहिण्यापेक्षा ब्रेक बदलणं सोपं, म्हणून मन तिकडे धावत होतं. पण कळत असूनही ते त्या विचाराला धरून राहिले.

गाडी म्हणजे जुनी फियाट. ही मंडळी वाशीला राहायला आली तेव्हा सेक्टरमध्ये दुकानं मोजकीच होती, संध्याकाळी रस्त्यावर कोल्हे दिसत, आणि मुंबईची बस केव्हा येईल ते बसच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. कॉलेजातले एक प्राध्यापक निवृत्त होऊन गावी निघाले होते, त्यांची गाडी श्यामसुंदररावांनी घेतली. मूलबाळ नव्हतं. मालतीबाईंना त्या गाडीला आंघोळ घालताना बघून शेजारच्या बायका हसायच्या.

पहिल्यांदा ब्रेक वाजायला लागले तेव्हा श्यामसुंदरराव रीतसर गॅरेजमध्ये गेले होते. तिथल्या मिस्त्रीने “क्या तकलीफ है, साहब?” असं विचारल्यावर त्यांना डॉक्टरपुढे बसल्यासारखं झालं. ‘थोडा आवाज’ एवढंच ते बोलू शकले. मिस्त्री जे जे म्हणेल त्याला हो म्हणत गेले, आणि संध्याकाळी गाडी घेऊन घरी आले.

“ब्रेक वाजत होते ना?” मालतीबाईंनी विचारलं. “मग त्याने हॉर्न कशाला बदलला?”

“हॉर्न चांगला आहे हे मला सांगवलं नाही.”

त्या इतक्या हसल्या की पोटावर हात धरून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्हाला माणसांशी बोलता येत नाही, पुस्तकांशी येतं. मग यावरचंच एखादं पुस्तक आणा की.”

त्यांनी खरंच आणलं. फोर्टच्या फुटपाथवरून, तेलाचे डाग पडलेलं, इंग्रजी. तेव्हापासून दर थंडीत एका रविवारी सोसायटीच्या आवारात, गुलमोहराखाली, रिसबुडांच्या गाडीचे ब्रेक निघू लागले. चाकाखाली दगड, जॅक, मग चाक काढायचं. चाकामागचा लोखंडी ड्रम लाकडाच्या तुकड्याने ठोकत ठोकत सैल करायचा. आत कोयरीसारख्या वाकलेल्या दोन पट्ट्या, त्यांच्यावर चिकटवलेले लायनर. ते झिजले की लोखंडावर लोखंड घासतं आणि आवाज येतो. हे सगळं पुस्तकात होतं आणि ते एकट्याला जमण्यासारखं होतं.

एकच गोष्ट एकट्याला जमत नसे. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढणं. ऑइलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पाय कितीही दाबला तरी पोकळच लागतो, गाडी थांबत नाही. म्हणून एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि धरून ठेवायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून तिथली बारीक टोपी पान्याने सैल करायची, हवा नि ऑइल बाटलीत घ्यायचं, टोपी पुन्हा आवळायची, आणि मगच आतल्या माणसाने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा उलट आत जाते. पुन्हा पहिल्यापासून.

मालतीबाई आत बसत. श्यामसुंदरराव चाकापाशी मांडी घालून, डोकं मडगार्डखाली घालून ओरडत. “दाब!” आतून तीनचारदा पायाचा आवाज येई. “धर!” मग “धरलंय,” असं उत्तर येई. मग टोपी सैल, बाटलीत बुडबुडे, टोपी आवळली, की “सोड!” चारही चाकं होईपर्यंत असं चाले. एरवी ज्या माणसाचा आवाज भिंतीपलीकडे जात नसे तो त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर ऐकू येई. वर राहणारा दिलीप, तो सोसायटीचा सेक्रेटरी, गॅलरीतून म्हणायचा, “आज रिसबूड सर काकूंवर ओरडतायत, म्हणजे ब्रेकचं काम निघालं.” शिकवलं त्यांनी कधीच नव्हतं, पण चष्म्यामुळे सगळे त्यांना सरच म्हणत.

मालतीबाई आजारी पडल्या त्या वर्षी ते काम व्हायचं होतं, झालं नाही. त्यांना इस्पितळात नेलं ते ह्याच गाडीतून. मागच्या सीटवर उशीला टेकून त्या डोळे मिटून पडल्या होत्या. खाडीचा पूल उतरताना श्यामसुंदररावांनी ब्रेक दाबला, खर्रर्र असा आवाज आला. मागून त्या म्हणाल्या, “लायनर गेले वाटतं. घरी आलो की करून टाकू.” त्यानंतर गाडी ताडपत्रीखाली गेली.

तर आता एका सकाळी श्यामसुंदररावांनी ती ताडपत्री काढली. तिच्यावर गुलमोहराच्या वाळक्या शेंगा पडल्या होत्या. दिलीप ऑफिसला निघाला होता, त्याने स्कूटर थांबवली.

“सर, गॅरेजला द्या ना सरळ. ह्या वयात कशाला टेन्शन घेता?”

ते हसले, हो हो म्हणाले, आणि तो गेल्यावर जॅक लावायला बसले. खरं म्हणजे त्याला विचारता आलं असतं, बाबा रे, रविवारी जरा वेळ आत बसशील का. शब्द तोंडाशी आलेही होते. पण मग त्याला ‘दाब’, ‘धर’ असं म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणण्याची कल्पनाच त्यांना करवेना.

लायनर काढले तर त्यांचे नुसते कपटे उरले होते. नवे बसवताना स्प्रिंग दोनदा हातातून उडून गटारापर्यंत गेली. मागच्या चाकात ऑइल पाझरत होतं, तिथली रबरंही बदलावी लागली. त्यासाठी नळी उघडली, म्हणजे हवा शिरणार हे ठरलेलंच. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, पण पानावर बोट ठेवून वाचत, चष्मा पुसत, दोन दिवसांत त्यांनी चारही चाकं उरकली. काम चांगलं झालं होतं. दाखवायला कोणी नव्हतं.

हवा काढण्यासाठी त्यांनी घरातली काठी आणली, वरच्या दोरीवर कपडे वाळत घालायची. मालतीबाई बुटक्या, त्यांना त्या काठीवाचून चालत नसे. काठीचं एक टोक ब्रेकवर, दुसरं मागच्या सीटला, असं अडकवून त्यांनी ब्रेक दाबलेला ठेवला आणि धावत चाकाशी गेले. टोपी सैल केली, बाटलीत बुडबुडे आले, आणि त्याच वेळी आत काठी सटकून पडल्याचा आवाज झाला. पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. ती दर वेळी का पडते ते त्यांच्या ध्यानात येईना. पुस्तकात एवढंच होतं की साहाय्यकाने पेडल दाबून धरावं. साहाय्यकाच्या पायाखाली काय होतं ते पुस्तकात नव्हतं, आणि श्यामसुंदरराव इतक्या वर्षांत त्या जागी कधी बसलेच नव्हते.

शेवटी जमलं असं मानून त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये आवारातून बाहेर काढली. कोपऱ्यावर ब्रेक दाबला. पाय सरळ तळाला गेला, काहीच अडलं नाही. समोर नव्या इमारतीसाठी टाकलेला वाळूचा ढीग होता, त्यात गाडीचं नाक रुतलं आणि ती थांबली. कोणाला काही झालं नाही. वॉचमनने आणि दोन मजुरांनी ढकलत गाडी परत गुलमोहराखाली आणून लावली. श्यामसुंदररावांनी चाकांना दगड लावले. आपण हे करायला नको होतं. घाटात झालं असतं तर? आणि ताईंना मग कोणी कळवलं असतं?

दुसऱ्या दिवशी ते बसने तळवलीला गेले. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून गोटीरामचं गॅरेज होतं, जिथे पूर्वी त्याच्या बापाची भाताची खाचरं होती तिथेच. वॉचमनने नाव सांगितलं होतं. बसमध्ये श्यामसुंदरराव मनात वाक्यं घोकत होते. लायनर बदलले आहेत, हवा राहिली आहे, गाडी चालवत आणता येत नाही. तिथे पोचल्यावर मात्र ते एवढंच म्हणाले, “थोडी… हवा आहे.”

पन्नाशीचा गोटीराम हात पुसत उभा राहिला. “टायरमदी?”

“ब्रेकमध्ये.”

“मग गारी कुटं हाय?”

त्याने हसून घेतलं नाही की घाईही केली नाही. विचारत गेला, हे सांगत गेले. चारही चाकं ह्यांनी स्वतः केली म्हटल्यावर त्याने एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं. गॅरेजला लागूनच असलेल्या घराच्या अंगणात गोजरा, त्याची बायको, टोपलीभर हळकुंडं निवडत होती. घरात पुतण्याची हळद होती, मांडव घातला होता, गॅरेजवरची सगळी पोरं तिकडे कामाला जुंपलेली. ती नवऱ्याला ऐकू जाईलसं पुटपुटली, “सांच्याला हलद हाय नि ह्यांना आताच गारी दिसली.”

“तुजी हलद ढोल वाजल्याशिवाय सुरू व्हत नाय,” गोटीराम म्हणाला. “तवर येतो मी.”

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर ऑइलचा डबा धरून, श्यामसुंदरराव वाशीला परत आले. कोणाच्या मागे असे ते कित्येक वर्षांत बसले नव्हते.

गोटीरामने चाकं काढून बघितली. एक एक पट्टी बोटाने दाबून पाहिली. “झकास बसवलाव,” तो म्हणाला. “माज्या पोरांनी इतका साफ केला नसता. पन सर, हवा कारायचा काम येकट्याचा नाय. दोन मानसं लागतात. आदी कोन बसायचा?”

श्यामसुंदररावांनी बाटली उचलून त्याच्या हातात दिली. गोटीराम ती घेऊन मागच्या डाव्या चाकाशी बसकण मारून म्हणाला, “आज पोर नाय माज्याजवल. तुमीच बसा आत. सांगन तसा करा.”

ते गाडीत बसले. रोज चालवायची तीच सीट, पण इंजिन बंद, दार उघडं, आणि चाकाशी दुसरंच कोणी. तिथून चाकाकडचा माणूस दिसत नव्हता. काचेतून दिसत होता तो फक्त गुलमोहर आणि सोसायटीची भिंत.

“मारा,” मागून आवाज आला. त्यांनी ब्रेक तीनचारदा दाबला. “धरा.” त्यांनी पाय रोवला. “धरलंय,” असं आपण म्हणालो हे त्यांना म्हटल्यावर कळलं.

मागे पान्याचा आवाज झाला. आणि पायाखालचा ब्रेक हळूहळू खाली जायला लागला. काही मोडल्यासारखा नाही, तर कोणीतरी खालून हात काढून घेत असल्यासारखा, सावकाश. ते जोर लावत होते आणि तो जातच होता. शेवटी तळाला टेकला. आता पायाखाली काहीच उरलं नव्हतं, धरायला म्हणून काही नव्हतं, तरी पाय तिथेच ठेवायचा होता. काठी का पडत होती ते त्यांना आता कळलं. काठीला हे समजत नाही की समोरचं गेलं तरी आपण राहायचं.

पोटरी थरथरायला लागली. मागून काही आवाज येईना. गोटीरामचा पाना सटकला असेल, की रस्त्यावरून कोणी हाक मारली असेल, काही दिसत नव्हतं. आपल्याला विसरला तर नाही? आपण धरलंय हे त्याला आठवतंय ना? ते समोरच्या भिंतीकडे बघत पाय रेटत राहिले आणि मग, त्यांनी ठरवलं नव्हतं, पण त्यांच्या तोंडून आलं,

“सोडू का?”

“थांबा,” गोटीराम लगेच म्हणाला. थोडा पान्याचा आवाज. “हां. सोरा आता.”

पण श्यामसुंदररावांचा पाय उचलला गेला नाही.

ते शब्द त्यांच्या ओळखीचे होते. इस्पितळातले तर होतेच, पण त्याआधीचेही. दर थंडीतल्या त्या रविवारी, बंद काचेआडून, डोकं मडगार्डखाली असताना अर्धवट ऐकू आलेले. एखादी टोपी अडायची, एखादा पाना सापडत नसायचा, आणि आतून ती विचारायची, सोडू का? आणि हे थांब म्हणत, नाहीतर सोड म्हणत, आणि कामाला लागत. इतक्या वेळा ऐकलेलं, की ऐकलेलं असं ते राहिलंच नव्हतं. लोखंडी दांडीला रेटलेला तो उजवा पाय. घरी आलो की करून टाकू, असं म्हणाली होती. ती करत होती. तिला ना मरण दिसत होतं, ना परवानगी हवी होती. ती गुलमोहराखाली बसून, नवरा दिसत नसताना, पायाखालचं सगळं गेलं तरी धरून बसली होती आणि त्याच्या एका शब्दाची वाट बघत होती. वर्षानुवर्षं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने म्हटलेला शब्द. तेवढाच फक्त म्हणायचा होता.

“सर,” गोटीराम दाराशी येऊन उभा होता. “सोरा नं. झाला त्या चाकाचा.”

त्यांनी पाय उचलला. गुडघा दुखत होता.

“पाय धरला काय?”

“हो,” ते म्हणाले. “पाय धरला.”

गोटीरामने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो दुसरीकडे बघत म्हणाला, “व्हतो तसा. पयल्यांदा बसलाव म्हून.” मग उरलेल्या तीन चाकांना तो दर वेळी लवकर लवकर “सोरा” म्हणत गेला. काम झाल्यावर त्याने स्वतः ब्रेक दाबून बघितला, दगडासारखा कडक लागत होता. पैशांचं विचारल्यावर म्हणाला, काम तर तुमचंच होतं, मी हवा तेवढी काढली, हवेचं काय घ्यायचं. आणि ऑइलचे पैसे घेऊन हळदीला गेला.

श्यामसुंदररावांनी हात धुतले, पण नखांतलं काळं निघालं नाही. तसेच ते टेबलाशी बसले. आता चिपळूणला गाडी जाऊ शकत होती, उद्या सकाळीसुद्धा. पण तिथे गेल्यावर काय होईल ते त्यांना स्पष्ट दिसलं. ओटीवर बसतील, चहा घेतील, ताई विचारतील, आणि ते अंगणातल्या पोफळींकडे बघत राहतील. बोलायचं ते त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी चहाचा डबा बाजूला केला, पत्र समोर घेतलं, आणि लिहायला लागले.

‘ती. अरुणाताईंना साष्टांग नमस्कार. तुमच्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नाही. क्षमा मागण्याचाही मला संकोच वाटतो. मालती शेवटी बोलली. सोडू का, असं तिने मला दोनदा विचारलं. मी काही म्हणालो नाही, कारण ती जाऊ का म्हणून विचारतेय असं मला वाटलं. आज मला वाटतं की ती तसं विचारत नव्हती.’

पुढे दोन पानं ब्रेकची होती. ताईंनी जन्मात गाडीचं बॉनेट उघडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना कळावं म्हणून त्यांनी एक आकृतीही काढली, पेडल, नळी, चाक, आणि पेडलाशी बसलेलं माणूस. माणूस त्यांना नीट काढता आलं नाही, नुसतं एक पाऊल आलं. मग लिहिलं, ‘तिला सोड एवढं ऐकायचं होतं. ते मला दर वर्षी म्हणता येत होतं, त्या दिवशी म्हटलं नाही. कदाचित हेही मी चुकीचं समजत असेन. पण तिचे शब्द जसेच्या तसे तेवढेच आहेत, आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायला मला उशीर झाला. तिचा पाय फार दुखला असेल का, हे आता मला कोणाला विचारता येत नाही.’ वाचून बघितलं तर खोडण्यासारखं बरंच दिसलं. न खोडता त्यांनी कागद पाकिटात घातला.

पोस्ट तसं चालत जाण्यासारखं होतं. ते गाडीने गेले. बाजाराकडे निघालेले ट्रक वाटेत होते, दोन ठिकाणी थांबावं लागलं, गाडी थांबली. पोस्टासमोर त्यांनी ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं. पाय ब्रेकवरच होता. उतरायला म्हणून ते वळले, तरी तो तिथेच रेटलेला होता.

“सोड,” ते म्हणाले.

आवाज बराच मोठा निघाला असावा. फुटपाथवरून भाजीची पिशवी घेऊन चाललेली बाई वळून बघायला लागली. त्यांना लाज वाटली. पाय उचलून ते उतरले, पेटीपाशी गेले, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट आत टाकलं.